हृदयातल्या छत्रीमागची जनावरं

अंगणवाडीतल्या तपासणीत बाळाच्या हृदयाला छिद्र असल्याचा संशय येतो, मग इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो, आणि सांगली-मिरजेच्या एखाद्या दवाखान्यात आईवडिलांना सांगितलं जातं, "छाती उघडायची गरज नाही, मांडीच्या शिरेतून नळी घालून छिद्र बुजवणारी छत्री बसवू." जत-आटपाडीकडून आलेला बाप विचारतो, "ही छत्री आधी कुणावर बसवून बघितलीय का, डॉक्टर?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर पन्नास वर्षं मागे जातं आणि कुत्र्यांपासून सुरू होतं.

खरं तर छाती उघडून छिद्र शिवण्याची शस्त्रक्रियाही कुत्र्यांमुळेच शक्य झाली. टोरांटोत विल्फ्रेड बिगेलो यांनी कुत्र्यांचं शरीर थंड करून रक्तप्रवाह काही मिनिटं थांबवता येतो हे दाखवलं. त्याच वाटेने २ सप्टेंबर १९५२ रोजी मिनेसोटात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं छिद्र शिवलं.

छत्रीची कल्पना न्यू ऑर्लिन्सच्या किंग आणि मिल्स या डॉक्टरांची. डेक्रॉन कापड लावलेल्या दोन छोट्या छत्र्या हृदयाच्या कप्प्यांमधल्या छिद्र असलेल्या पडद्याच्या दोन बाजूंना उघडायच्या आणि एकमेकींत अडकवायच्या. आधी कुत्र्यांवर प्रयोग झाले, १९७५ मध्ये पहिल्या रुग्णाला छत्री बसली आणि १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नळी मात्र साडेसात मिलिमीटरहून जाड होती. लहान मुलाच्या शिरेत ती कशी जाणार? पुढची वीस वर्षं बरीचशी नळी बारीक करण्यातच गेली.

निरोगी जनावराच्या हृदयात असं छिद्र नसतं, ते आधी पाडावं लागतं. दोन कर्णिकांमधल्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात सुई टोचायची आणि फुगा फुगवून भोक मोठं करायचं. अमेरिकेतले डॉक्टर कुर्ट अँप्लाट्झ यांच्या गटाने डुकरांमध्ये असंच केलं आणि निकेल-टायटॅनियमच्या तारेच्या विणलेल्या जाळीची छत्री बसवली. ही तार नळीत सरळ होते आणि बाहेर पडताच आपला मूळ आकार धरते. ठरलेल्या मुदतीनंतर डुकरं मारून हृदयं उघडली, तेव्हा जाळीवर शरीराचंच पातळ अस्तर चढलेलं दिसलं. आज छत्रीनंतर साधारण सहा महिने ॲस्पिरिन देतात, ते हे अस्तर धरेपर्यंत तारेवर गुठळी होऊ नये म्हणून. डुकरांवरचा हा अभ्यास १९९७ मध्ये छापून आला आणि २००१ च्या अखेरीस अमेरिकेत या छत्रीला मान्यता मिळाली. मारलेल्या जनावरांचा हा हिशेब लपवू नये, पालकांनाही तो सांगावा, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे या कामात मेंढीचा वाटा मोठा. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची कृत्रिम झडप आधी मेंढ्यांमध्ये तपासली गेली आणि डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या माणसाला बसली. त्याच संस्थेने पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेबरोबर स्वदेशी छत्रीही विकसित केली. माडग्याळ मेंढीचा अभिमान बाळगणाऱ्या जतच्या धनगराला हे जवळचं वाटेल. अशा मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगाला संस्थेच्या समितीचा होकार पुरत नाही, केंद्रीय समितीची परवानगी लागते. तिचा आधार १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंध कायदा आणि १९९८ चे नियम.

पण जनावर सगळंच सांगू शकत नाही. बोस्टनच्या जेम्स लॉक यांची शिंपल्यासारखी छत्री कोकरांमध्ये नीट बसली होती. माणसांत मात्र तिच्या तारेचे हात मोडू लागले आणि १९९१ मध्ये ती थांबवावी लागली. हृदय दिवसाला लाखभर वेळा धडधडतं, कोकरू काही महिने पाहिलं जातं आणि मूल साठ-सत्तर वर्षं जगणार असतं. शिवाय फुग्याने पाडलेल्या भोकाची कड जन्मजात छिद्रासारखी नसते. महारोहिणीकडची, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीकडची कड काही मुलांत जवळजवळ नसतेच. तिथे छत्रीची किनार घासून हृदयाची भिंत झिजू शकते. हे फार थोड्यांत होतं, पण झालं तर जीवघेणं ठरतं, आणि ते कळलं ते हजारो माणसांना छत्री बसल्यानंतर, प्रयोगशाळेत नाही.

म्हणून पोरगं खेळतंय, पळतंय, तरी डॉक्टर कित्येक वर्षांनंतरही इकोला बोलावतात. छातीत दुखलं, धाप लागली किंवा चक्कर आली, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी यायला सांगतात.