‘बॅक टू ब्लॅक’ कुठून आला

‘बॅक टू ब्लॅक’ पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हटकून वाटतं की ही रेकॉर्ड साठच्या दशकातली असणार. ड्रमचा ठोका खोलीच्या पलीकडच्या टोकाहून आल्यासारखा, पियानो एकाच हट्टाने तेच स्वरसमूह वाजवणारा, मागे खंजिरीसारखा छनछनाट. मग शब्द कानावर पडतात आणि दचकायला होतं. १९६४ साली कुठल्याही रेकॉर्ड कंपनीने एखाद्या मुलीला माइकसमोर असं बोलू दिलं नसतं. एमी वाइनहाउसचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम ऑक्टोबर २००६ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला. अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम पस्तीस मिनिटांची. २००७ साली ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त खपलेला अल्बम हाच होता, आणि आजवर त्याच्या जगभरात दीड कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत. पण या यशाआधीचा रस्ता मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यावर भेटणाऱ्या कितीतरी माणसांची नावं घ्यायची राहून जातात.

या अल्बमचं मूळ ज्या सोल संगीतात आहे, ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून बाहेर आलं. देवासाठी आळवलेल्या चाली पन्नासच्या दशकात रे चार्ल्ससारख्यांनी माणसाच्या प्रेमासाठी गायला घेतल्या आणि धार्मिक मंडळींचा रोष पत्करला. १९५९ मध्ये डेट्रॉइटमध्ये बेरी गॉर्डीने घरच्यांकडून ८०० डॉलर कर्जाऊ घेऊन कंपनी काढली. तीच पुढे मोटाउन झाली. गॉर्डीने मोटारीच्या कारखान्यात काम केलेलं होतं, आणि गाणीही तशीच एका हातातून दुसऱ्या हातात जात तयार व्हावीत अशी त्याने व्यवस्था लावली. मोटाउनच्या गाजलेल्या गाण्यांमागे वाजवणारा वाद्यवृंद जवळपास एकच होता, फंक ब्रदर्स. रेकॉर्डच्या पाकिटावर या वादकांची नावं मात्र १९७१ पर्यंत छापली जात नव्हती. आपल्याकडे मैफलीत तबलजी आणि पेटीवाले निदान समोर बसलेले दिसतात. तिथे ऐकणाऱ्याला साथीदाराचा चेहराही माहीत नसे.

याच काळात न्यूयॉर्कमध्ये मुलींचे गट गात होते. त्यातल्या शांग्री-लाज या गटाची एमीच्या अल्बमवर सर्वांत गडद सावली आहे. क्वीन्स भागातल्या या शाळकरी वयाच्या मुली. त्यांची गाणी म्हणजे तीन मिनिटांची नाटकंच. मध्येच गाणं थांबवून सरळ बोलायचं, मागे समुद्रपक्ष्यांचा आवाज, नाहीतर मोटरसायकलची घरघर. विषय बहुतेक वेळा मोडलेलं प्रेम, कधी थेट मरण. बाकीचे गट गोड हसत गात असताना या मुली रडू आवरत गायच्या.

हे सगळं अमेरिकेचं. पण ब्रिटनने या संगीतावर परक्याच्या घरातल्या लेकरावर करावी तशी माया केली. डस्टी स्प्रिंगफील्ड या लंडनच्या गायिकेने अमेरिकेतल्या मेम्फिस शहराच्या वादकांना सोबत घेऊन केलेला अल्बम १९६९ मध्ये आला. सत्तरच्या दशकात विगन या औद्योगिक गावातल्या कसिनो नावाच्या नृत्यगृहात तरुण कामगार रात्रभर नाचायचे, तेही अमेरिकेत पडून गेलेल्या, कोणाला आठवतही नसलेल्या सोल रेकॉर्डवर. म्हणजे एमी जन्मली त्या देशात ही गाणी आधीपासूनच मुरलेली होती.

तिचा जन्म १४ सप्टेंबर १९८३चा, उत्तर लंडनमधल्या ज्यू कुटुंबातला. घरात जॅझ होतं. वडील अमेरिकन गायक फ्रँक सिनात्राची गाणी गुणगुणायचे, आजी सिंथिया तरुणपणी स्वतः गायिका होती. या आजीवर एमीचा फार जीव. हातावर तिने तिचं नाव गोंदून घेतलं होतं. ‘फ्रँक’ हा पहिला अल्बम ऑक्टोबर २००३ मध्ये आला तेव्हा ती वीस वर्षांची होती. त्यात जॅझची वळणं होती आणि हिप-हॉपचा ठेका होता, समीक्षकांनी कौतुक केलं, ब्रिटनमधल्या अल्बमना मिळणाऱ्या मर्क्युरी पुरस्काराच्या यादीत नाव लागलं. एमी मात्र त्यावर खूश नव्हती आणि मुलाखतींत ते लपवतही नव्हती. पुढे बराच काळ तिने काहीच लिहिलं नाही.

या मधल्या काळात ती लंडनच्या कॅम्डन भागात राहायला गेली. पबमध्ये पूल खेळायचं आणि ज्यूकबॉक्सवर जुनी गाणी लावायची, असा दिनक्रम. तिथेच एका मुलावर तिचं प्रेम जडलं, आणि तो तिला सोडून आपल्या आधीच्या मैत्रिणीकडे परत गेला. तेव्हा ती शांग्री-लाजची गाणी पुन्हा पुन्हा ऐकत होती. जॅझमधले अवघड स्वरमेळ तिला आता नको होते. दुःख साधं होतं, तर गाणंही तीन-चार स्वरमेळांत बसलं पाहिजे. हा निर्णय तिचा स्वतःचा होता, आणि अल्बमचं सगळं यश मला त्या निर्णयात दिसतं. पुष्कळांना वाटतं की जुना आवाज निर्मात्याने तिला चढवला. पण तो निर्माता, मार्क रॉन्सन, तिला न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा भेटला तेव्हा शांग्री-लाजचा विषय तिनेच काढला होता.

रॉन्सनने त्या भेटीनंतर रात्री बसून पियानोवर एक साधी चाल बांधली, त्याला ड्रम आणि खंजिरी जोडली. दुसऱ्या दिवशी एमीने ती ऐकली आणि मागच्या खोलीत जाऊन बघता बघता शब्द लिहून आणले. तेच अल्बमला नाव देणारं गाणं, ‘बॅक टू ब्लॅक’. ध्रुवपदाची एक ओळ पुढच्या ओळीशी यमकात जुळत नाही. रॉन्सनने ती बदलायला सुचवलं, पण तिला ते पटेना. मनातून जसं आलं तसंच राहील, असं तिचं म्हणणं. ओळ तशीच राहिली आणि लोकांच्या ओठावर बसली ती तीच. या गाण्याच्या मध्यावर ड्रम गप्प होतो. मागे चर्चच्या घंटेसारखा टोल पडतो आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणते, ‘ब्लॅक’. हरकत नाही, मुरकी नाही. जो गळा कुठलीही जागा सहज घेऊ शकतो, तो इथे काहीच करत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो.

अल्बममधल्या ‘रिहॅब’ या गाण्याची गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. दोघं न्यूयॉर्कच्या रस्त्याने चालत असताना, दारूमुळे आपल्याला उपचार केंद्रात पाठवायचा घाट जवळच्या माणसांनी कसा घातला होता आणि आपण कसं ‘नो, नो, नो’ म्हटलं, हे तिने सांगितलं. याचं गाणं होईल, असं रॉन्सन म्हणाला. तिने ते आधी गिटारवर संथ ब्लूजसारखं वाजवलं होतं. टाळ्यांचा उसळता ठेका नंतर आला.

आता त्या राहून गेलेल्या नावांकडे येते. रॉन्सनने केलेल्या गाण्यांपैकी बऱ्याच गाण्यांत वाजवलं ते ब्रुकलिनच्या डॅप-किंग्ज या वाद्यवृंदाने. बुशविक भागातल्या एका जुन्या घरात या मंडळींनी आपल्या हातांनी स्टुडिओ उभारला होता. बाकी जग संगणकावर ध्वनिमुद्रण करत असताना हे लोक चुंबकीय फितीवरच काम करत. ड्रम, बास, गिटार, पियानो सगळे एका खोलीत, एकदम वाजवायचे. ड्रमच्या माइकमध्ये शेजारच्या गिटारचा आवाज शिरला तर शिरू द्यायचा. जुन्या रेकॉर्डमध्ये जी ऊब असते ती याच सरमिसळीतून येते, आणि ती नंतर यंत्राने घालता येत नाही. विशेष म्हणजे यातलं बरंचसं वाजवून झालं तोवर या वादकांची आणि एमीची भेटही झाली नव्हती.

या वाद्यवृंदाची स्वतःची गायिका होती शॅरन जोन्स. १९५६चा जन्म. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात रक्षक म्हणून तिने नोकरी केली, पैशांची ने-आण करणाऱ्या चिलखती गाडीवर पहारा दिला, आणि पहिला अल्बम यायला २००२ साल उजाडलं. एमीच्या अमेरिकेच्या दौऱ्यावर शॅरनचेच साथीदार वाजवत होते. सोलचा जुना दिवा ज्यांनी तेल घालत जपला, त्यांच्याकडे जगाचं लक्ष एका लंडनच्या मुलीमुळे गेलं, याचा आनंद आहे. पण उजेडाची वाटणी बरोबरीची झाली नाही, हेही मला सांगावंसं वाटतं. २०१६ मध्ये शॅरन गेली. तिचं नाव आजही फार थोड्या लोकांना माहीत आहे.

अल्बमचा दुसरा निर्माता सलाम रेमी. ‘फ्रँक’वरही त्याने काम केलं होतं. मायामीमध्ये त्याच्याबरोबर एमीने ‘टियर्स ड्राय’ हे अगदी संथ गाणं केलं होतं. रेमीने त्याची लय वाढवली आणि त्याखाली मोटाउनच्या १९६७ मधल्या मार्विन गे व टॅमी टेरेल यांच्या प्रसिद्ध युगुलगीताची चाल सरकवली. मूळ गाण्यात दोघं एकमेकांना हाक मारतात, काहीही आडवं आलं तरी येईन म्हणतात. त्याच चालीवर एमी सांगते की डोळे आपोआप कोरडे होतील, पुसायला कोणी नाही.

२००६ मध्येच, अल्बम येण्याआधी, आजी सिंथिया गेली.

१० फेब्रुवारी २००८ला ग्रॅमी समारंभ लॉस एंजेलिसमध्ये होता. व्हिसाच्या घोळामुळे एमी लंडनच्या स्टुडिओतून उपग्रहामार्फत गायली. तिकडे पहाट व्हायला आली होती. सर्वोत्कृष्ट रेकॉर्डचा पुरस्कार जाहीर करायला टोनी बेनेट आणि नॅटली कोल हे गायक उभे राहिले. लहानपणापासून ज्याला ऐकलं त्या बेनेटला पडद्यावर पाहूनच ती हरखली होती, आणि स्वतःचं नाव ऐकल्यावर काही क्षण नुसती थिजून उभी राहिली. मग वादक तिच्यावर धावून आले, आणि तिने आईला मिठी मारली. त्या रात्री तिला पाच ग्रॅमी मिळाले. तोवर कुठल्याही ब्रिटिश गायिकेला एका रात्रीत इतके मिळाले नव्हते. त्याच वर्षी डफी आणि अडेल यांचे पहिले अल्बम आले, आणि ब्रिटिश गायिकांच्या सोलसाठी कंपन्यांची दारं उघडी असल्याचं दिसलं. एमीमुळे आपला रस्ता सोपा झाला, हे अडेलने पुढे जाहीरपणे मान्य केलं.

२३ जुलै २०११ला एमी गेली, सत्तावीस वर्षांची. त्यानंतर हा अल्बम म्हणजे तिने आधीच लिहून ठेवलेला निरोप, असं बोललं जाऊ लागलं. मला ते मान्य नाही. लिहिताना ती बावीस वर्षांची होती, प्रेमभंगातून सावरत होती, यमक मोडायचं की नाही यावर निर्मात्याशी वाद घालत होती. आपल्या कामावर पक्की मांड असलेल्या कारागिराचं हे काम आहे, आणि ते तसंच ऐकावं.

तिसरा अल्बम पुरा झाला नाही. डिसेंबर २०११ मध्ये रेमी आणि रॉन्सन यांनी मागे राहिलेल्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह काढला. त्यात ‘टियर्स ड्राय’चं मायामीतलं पहिलं रूप आहे. मोटाउनची चाल नाही, धावता ठेका नाही. ती हळूहळू गाते, लयीच्या जरा मागे राहून, जणू घरी जायची घाई नाही.