कावळा शिवला नाही, यात घरच्यांचा दोष नाही
साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी, दहाव्याला पिंड ठेवला की सगळे कावळ्याकडे डोळे लावून बसतात. तो शिवला नाही, की 'इच्छा राहिली' म्हणत घरच्यांनाच बोल लावतात. हे साफ चुकीचं आहे. कावळा जात्याच संशयी. भोवती घोळका असला की फांदीवर बसून, मान तिरकी करत एकेका डोळ्यानं निरखत राहतो. माणसाचा चेहराही तो विसरत नाही. २००६ साली सिएटलमध्ये संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसताच तिथले कावळे कलकलाट करत. शिवाय पोट भरलेलं असलं, तर कावळा खाली उतरत नाही. तेव्हा चार पावलं मागं सरा, गप्प उभे राहा. आणि रडणाऱ्या लेकीला 'आईचं काय राहिलं गं?' असं कृपा करून विचारू नका.