सायकलचे हेल्मेट किती वर्षे चालते आणि कधी बदलावे

तुमच्या हेल्मेटच्या आत, पॅडखाली किंवा मागच्या बाजूला एक छोटे लेबल असते. त्यावर बनवल्याची तारीख असते. वापर कधी थांबवायचा ते बहुधा लिहिलेले नसते. म्हणून हा प्रश्न आमच्या दुकानात सतत येतो. आमचे उत्तर थोडक्यात असे: डोक्यात असताना आपटलेले हेल्मेट त्याच दिवशी बाद. न आपटलेले, पण रोजच्या वापरातले हेल्मेट साधारण पाच वर्षांनी बदला. फक्त रविवारी डोक्यावर चढणारे आणि नीट ठेवलेले हेल्मेट त्याहून जास्त चालते, मात्र दहा वर्षांपुढे नेऊ नका. पहिल्या नियमाला अपवाद नाही. बाकीच्या दोन्हींत तारखेपेक्षा हेल्मेटची अवस्था महत्त्वाची, आणि ती घरच्या घरी तपासता येते.

डोके कोण वाचवते

बाहेरचे चकचकीत कवच बहुतेक हेल्मेटमध्ये पॉलिकार्बोनेटचे पातळ आवरण असते. आतला थर एकसंध ठेवणे, टोकदार खडी आत घुसू न देणे आणि पडल्यावर डोके रस्त्यावर अडकण्याऐवजी घसरू देणे हे त्याचे काम. धक्का शोषून घेतो तो आतला दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा थर. हा ईपीएस, म्हणजे थर्माकोलच. पण टीव्हीच्या खोक्यातल्या थर्माकोलपेक्षा कितीतरी दाट. डोके आपटले की त्याच्या बारीक दाण्यांमधल्या हवेच्या पोकळ्या चेपतात. त्या चेपण्यात धक्क्याची ऊर्जा खर्च होते आणि डोके एका झटक्यात न थांबता थोडे अंतर जाऊन थांबते. चेपलेल्या पोकळ्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. दुसऱ्यांदा त्याच जागी मार बसला तर चेपायला तिथे फारसे काही उरलेले नसते आणि धक्का थेट कवटीला पोचतो.

चाचणीचे आकडे पाहिले की या थराकडून केवढी अपेक्षा असते ते कळते. अमेरिकेच्या सीपीएससी, म्हणजे तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या, मानकात ५ किलो वजनाचे कृत्रिम डोके हेल्मेट घालून २ मीटरवरून सपाट लोखंडी ऐरणीवर सोडतात आणि डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींपुढे जाऊन चालत नाही. युरोपच्या ईएन १०७८ मानकात आपटण्याचा वेग सेकंदाला ५.४२ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर, आणि मर्यादा २५० पट. फुटपाथच्या कडेसारख्या धारदार ऐरणीवरची चाचणीही दोन्हींत आहे.

हातातून पडले तर?

रिकामे हेल्मेट टेबलावरून किंवा हँडलवरून खाली पडले की अनेक जण घाबरून येतात. ३०० ग्रॅमचे हेल्मेट एक मीटरवरून पडले तर ऊर्जा होते सुमारे ३ ज्यूल. वरच्या चाचणीत ती ९८ ज्यूल असते, कारण तिथे आत डोक्याचे वजन असते. एका साध्या पडण्याने आतला थर चेपत नाही. कडेचा टवका उडू शकतो, पट्टा जिथे अडकवलेला असतो ती जागा तडकू शकते. ते बघा आणि काही नसेल तर निर्धास्त वापरा. हेल्मेटवर कोणी बसले, ते गाडीच्या दारात सापडले किंवा वेगात असताना कॅरियरवरून उडाले, तर मात्र तपासणी गंभीरपणे करा.

पडल्यानंतर

सायकलवरून पडलात आणि डोके टेकले, तर हेल्मेट वरून धड दिसत असले तरी बदला. ईपीएस चेपल्यावर थोडा परत फुगतो आणि कवच तर पूर्ववत होऊन गुळगुळीत दिसते. त्यामुळे आत जाडी कमी झालेली असली तरी बाहेरून फक्त दोन ओरखडे दिसतात. ‘एवढंसं तर खरचटलंय’ म्हणून तेच हेल्मेट घालून पुढच्या राइडला जाणारे ग्राहक आम्ही पाहतो, आणि त्यांना आम्ही स्पष्टपणे नाही म्हणतो.

डोके टेकले की नाही हेच आठवत नसेल तर असे तपासा. सगळी पॅड वेल्क्रोवरून अलगद सोडवा. अंधाऱ्या खोलीत आतून टॉर्च मारा. हवेच्या भोकांच्या कडांना, विशेषतः दोन भोकांमधल्या अरुंद पट्ट्यांना, केसासारखा तडा आहे का ते नीट दिसते. मग दोन्ही हातांनी कडा धरून हलकेच, अर्धा सेंटिमीटरसुद्धा नाही इतपत, फाकवा. तडा असेल तर तो उघडतो किंवा कर्र असा आवाज येतो. शेवटी अंगठ्याने आतला पृष्ठभाग दाबत फिरा आणि डाव्या-उजव्या बाजूची तुलना करा. चेपलेल्या जागी दाणे सपाट, चकचकीत आणि बोटाला जास्त कठीण लागतात. यातले एकही लक्षण दिसले तर हेल्मेट बाद. काहीच दिसले नाही आणि तरी शंका राहिली, तरी बदलाच. आणि पडल्यावर चक्कर, उलटी, डोकेदुखी किंवा गोंधळल्यासारखे वाटत असेल तर हेल्मेटचे नंतर पाहू, आधी डॉक्टरांकडे जा. काही कंपन्या अपघातात खराब झालेल्या हेल्मेटच्या बदल्यात नवीन सवलतीत देतात. त्यासाठी बिल आणि तुटलेल्या हेल्मेटचे फोटो लागतात, म्हणून ते लगेच फेकू नका.

मग पाच वर्षे कशासाठी?

वयाबद्दल वेगवेगळे आकडे ऐकू येतात. काही उत्पादक तीन वर्षे सांगतात, स्नेल ही अमेरिकी चाचणी संस्था पाच सांगते, सीपीएससी पाच ते दहा. उत्पादकांना नवे हेल्मेट विकायचे असते हे आम्हीही जाणतो, दुकान आमचेही आहे. कॅनडातल्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरलेल्या हेल्मेटमधला ईपीएस तपासला होता. त्यातली काही हेल्मेट २० वर्षांपर्यंत जुनी होती. निव्वळ वयामुळे ईपीएसची धक्का शोषण्याची ताकद कमी झाल्याचे त्यांना आढळले नाही. म्हणजे नीट ठेवलेला थर्माकोल आपोआप ‘मरत’ नाही.

पण हेल्मेट म्हणजे नुसता थर्माकोल नव्हे. पट्टे, बक्कल, मागची डायल, कवच आणि त्याला धरून ठेवणारा गोंद या सगळ्यांवर ऊन आणि घामाचा परिणाम होतो. डोक्यावरून निघून गेलेले हेल्मेट कितीही चांगल्या ईपीएसचे असले तरी काही वाचवत नाही. रोज तासभर उन्हात वापरलेल्या हेल्मेटमध्ये हे भाग पाच वर्षांच्या आसपास कुरकुरायला लागतात, म्हणून आमचा आकडा पाच.

वर्षे मोजायची ती वापर सुरू केल्यापासून. खोक्यात, सावलीत ठेवलेले हेल्मेट वर्षभर दुकानात राहिले म्हणून बिघडत नाही. पहिल्या वापराची तारीख लेबलवर बॉलपेनने लिहून ठेवा. मार्कर नको, त्यातले द्रावक ईपीएसला चालत नाही. लेबल वाचताना एक लक्षात घ्या: अमेरिकी मानकात महिना आणि वर्ष देतात, युरोपीय मानकात वर्ष आणि तिमाही. ‘३/२०२१’ म्हणजे मार्चच असेल असे नाही, तिसरी तिमाहीसुद्धा असू शकते.

महिन्यातून एकदा, पाच मिनिटे

पट्टे: बोटांमधून पूर्ण लांबीभर सरकवा. कडेचे धागे निघालेले, पट्टा फिकट पडून कडक झालेला, शिलाई उसवलेली, असे काही असेल तर वापर थांबवा. सर्वात आधी झिजते ती कानाखालची जागा, जिथे दोन पट्टे एकत्र येतात; तिथली क्लिप उघडून आत पाहा.

बक्कल: लावताना ‘टक’ असा स्वच्छ आवाज यायला हवा. लावून पट्टा चार-पाच वेळा जोरात ओढा. सुटले, किंवा एक पाकळी वाकडी दिसली, तर बदला. आवाज बोदा येत असेल तर आत माती असते. कोमट पाण्यात धुऊन पुन्हा पाहा. तेल किंवा ग्रीस घालू नका.

डायल: हेल्मेट घालून डायल घट्ट करा, बक्कल न लावता पुढे वाका आणि मान हलवा. हेल्मेट जागेवर राहिले पाहिजे. दात झिजले की डायल फिरते पण पकडत नाही, किंवा चालवताना हळूहळू सैल होत जाते.

मिप्स, म्हणजे तिरका मार बसल्यावर डोक्याला बसणारा पीळ कमी करणारी रचना, असलेल्या हेल्मेटमध्ये आत बहुधा पिवळा, पातळ प्लास्टिकचा थर दिसतो. तो हाताने सरकवला तर सगळीकडे सेंटिमीटरभर हलून परत यायला हवा. रबरी बांधणी तुटली असेल किंवा थर कुठे अडकत असेल तर दाखवायला आणा.

कवच: पांढरट, पिवळट, ठिसूळ झालेले, कडेला थर्माकोलपासून सुटलेले किंवा फुगवटे आलेले कवच म्हणजे हेल्मेट बदलायची वेळ. फुगवटा जवळजवळ नेहमी उष्णतेचा असतो.

पॅड, काही मॉडेलचे बक्कल आणि डायल सुटे मिळतात, तेवढ्यासाठी नवीन हेल्मेट घेऊ नका. पॅड मात्र त्याच जाडीची घ्या. घरी कापलेला स्पंज घातला की हेल्मेट वर उचलले जाते. पट्ट्याचा खिळा थर्माकोलमध्येच बसवलेला असेल आणि तो हलत असेल, तर दुरुस्ती नाही. फेविक्विक, एमसील, चिकटपट्टी यांपैकी कशानेही हेल्मेट सांधू नका. कॅमेऱ्यासाठी भोक पाडू नका.

गाडीची डिकी आणि तेलाची बाटली

आपल्याकडे हेल्मेट पडून कमी आणि उष्णतेने जास्त बिघडतात. चाचणीत हेल्मेट सुमारे ५० अंशांपर्यंत तापवून तपासतात. विदर्भातल्या किंवा पुण्यातल्याही मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीचे आतले तापमान ६० च्या पुढे जाते आणि डॅशबोर्डवर त्याहून वर. तिथे दुपारभर ठेवलेल्या हेल्मेटचा गोंद सुटतो, कवच फुगते, आणि वारंवार तसे झाले तर ईपीएस आकसतो. राइड संपली की हेल्मेट घरात आणा. गच्चीवर किंवा बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घालू नका. पंख्याखाली, सावलीत वाळवा.

पेट्रोल, थिनर, अ‍ॅसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर हे ईपीएसला विरघळवतात. थेंबभर पेट्रोल पडले की त्या जागी खड्डा दिसतो. डास पळवणाऱ्या ज्या मलमांमध्ये डीईईटी असते ती प्लास्टिकही खराब करतात, त्यामुळे लावल्यावर हात धुऊन मगच हेल्मेट धरा. स्प्रे पेंट मारलेले हेल्मेट आम्ही तपासतही नाही, कारण रंगातल्या द्रावकाने आत काय झाले ते बाहेरून कळत नाही.

केसांचे तेल आणि घाम पॅडमध्ये मुरतो, स्पंज चिकट होतो आणि भुगा पडू लागतो. पंधरा दिवसांतून एकदा पॅड काढून कोमट पाण्यात, साध्या साबणाने हाताने धुवा. हेल्मेट ओल्या मऊ फडक्याने पुसा. पावसाळ्यात, कोकणात आणि गोव्यात तर विशेष, ओले हेल्मेट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवले की दोन दिवसांत बुरशी धरते. कापडी पिशवी वापरा आणि कपाटात ठेवण्याआधी एक रात्र पंख्याखाली राहू द्या.

मुलांचे हेल्मेट

मुलांच्या बाबतीत वर्षे मोजू नका, डोके मोजा. भुवयांच्या वर, डोक्याच्या सर्वात रुंद भागाभोवती टेप फिरवा आणि लेबलवरच्या सेंटिमीटरशी जुळवा. डायल पूर्ण उघडूनही कपाळावर वळ उठत असेल तर मोठे घ्या. पुढे वापरता येईल म्हणून दोन साइज मोठे घेणे सर्वात वाईट, कारण ते आपटण्याआधीच मागे सरकते. कड भुवयांच्या वर दोन बोटांवर, पट्ट्यांचा कोन कानाच्या पाळीखाली, हनुवटीखाली एक ते दोन बोटे जागा. तोंड मोठे उघडले की हेल्मेट किंचित खाली ओढले गेले पाहिजे. झोपाळा-घसरगुंडीवर खेळायला जाताना हेल्मेट काढायला लावा. ते कुठे अडकले तर पट्टा गळ्याला बसतो.

नवीन घेताना, जुने टाकताना

सेकंड हँड हेल्मेट घेऊ नका. ते कुठे आपटले होते हे विकणाऱ्यालाही आठवत नसते. थोरल्या भावंडाचे चालेल, कारण त्याचा इतिहास घरातच ठाऊक असतो. स्कूटरच्या हेल्मेटवरचा आयएस ४१५१ हा शिक्का मोटार दुचाकीसाठी आहे. सायकलच्या हेल्मेटवर ईएन १०७८ किंवा सीपीएससी शोधा. मानकाचा उल्लेखच नसलेले, हाताने दाबल्यावर पॅकिंगच्या थर्माकोलसारखे दबणारे हेल्मेट कितीही स्वस्त असले तरी घेऊ नका. महागड्या हेल्मेटमध्ये वजन कमी आणि हवा जास्त खेळते. आपटण्याची किमान चाचणी स्वस्त प्रमाणित हेल्मेटनेही उत्तीर्ण केलेली असते.

बाद हेल्मेट तसेच कचऱ्यात टाकले तर कोणीतरी उचलून वापरते. आधी पट्टे कात्रीने मुळापासून कापा, कवचावर मार्करने मोठी फुली मारा, मग सुक्या कचऱ्यात द्या. आमच्याकडे आणून दिलेत तर हे आम्ही करतो. तपासणीसाठी आणताना पॅडसह आणा, आणि पडला असाल तर कोणत्या बाजूवर पडलात ते सांगा. तपासणीचे पैसे घेत नाही, आणि चांगले असलेले हेल्मेट बदलायला सांगत नाही.