हेमार्केटचे कैदी आणि गव्हर्नर आल्टगेल्ड

१ मे हा महाराष्ट्र दिन, तसाच कामगार दिनही. कामगार दिनाचं मूळ शिकागोत आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. आठ तासांच्या कामासाठी १ मे १८८६ रोजी अमेरिकेत ठिकठिकाणी संप झाले. ४ मेच्या रात्री शिकागोच्या हेमार्केट चौकातली सभा संपत आली असताना पोलिसांवर बॉम्ब पडला आणि गोळीबार झाला. आठ अराजकवाद्यांवर, म्हणजे सरकारसत्ताच नको असं मानणाऱ्यांवर, खटला चालला. बॉम्ब कुणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही, तरी ११ नोव्हेंबर १८८७ला चौघांना फाशी दिली. लुई लिंग यांनी आदल्याच दिवशी कोठडीत जीव दिला होता. उरलेले तिघे, फील्डन, श्वाब आणि नीबी, तुरुंगात होते. त्यांना सोडवणाऱ्या माणसाचं नाव मात्र आपल्या मे दिनाच्या सभांतून क्वचितच ऐकू येतं.

जॉन पीटर आल्टगेल्ड १८४७ साली जर्मनीत जन्मले. तान्हे असतानाच आईवडिलांबरोबर अमेरिकेतल्या ओहायोत आले. शाळा जेमतेम झाली. सोळाव्या वर्षी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत, नंतर शिक्षक, मिसुरीत वकील आणि १८७५पासून शिकागोत. तिथे जमीन आणि इमारतींच्या व्यवहारांत त्यांनी भरपूर पैसा मिळवला. तरीही १८८४मध्ये त्यांनी तुरुंगांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ही यंत्रणा गुन्हेगार सुधारत नाही, गरिबांना भरडून नवे गुन्हेगार घडवते, हे त्यातलं म्हणणं. पुढे नामांकित वकील झालेले क्लॅरेन्स डॅरो यांच्यावर या पुस्तकाचा खोल परिणाम झाला.

काही वर्षं न्यायाधीश राहून १८९२ साली ते डेमोक्रॅटिक पक्षातर्फे इलिनॉयचे, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे त्याचे, गव्हर्नर म्हणून निवडून आले. तिथे गव्हर्नर थेट लोकांमधून निवडून येतो आणि राज्याचा कारभारही तोच चालवतो.

२६ जून १८९३ रोजी त्यांनी तिघांना बिनशर्त सोडलं. केवळ दया म्हणून सोडलं असतं, तर फारसा गहजब झाला नसता. शिकागोतल्या अनेक प्रतिष्ठितांनीच तशा अर्जावर सह्या केल्या होत्या. आल्टगेल्ड यांनी मात्र खटल्याची सगळी कागदपत्रं वाचली आणि दीर्घ निवेदन लिहिलं. ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ, ठरवून निवडलेली होती. आपलं मत आधीच बनलंय असं कबूल करणाऱ्यांनाही त्यात बसवलं होतं. बॉम्ब टाकणाऱ्याशी आरोपींचा संबंध जोडणारा पुरावा नव्हता, आणि न्यायाधीश गॅरी पक्षपाती वागले. हे सगळं त्यांनी सरकारी कागदावर नोंदवलं. माझ्या मते त्यांचं खरं धाडस सुटकेपेक्षा या नोंदीत आहे.

वर्तमानपत्रं तुटून पडली. त्यांना अराजकवादी ठरवलं, त्यांच्या प्रतिमा जाळल्या. त्यांनी काम थांबवलं नाही. त्याच वर्षी कारखान्यांतल्या बालमजुरीवर निर्बंध घालणारा आणि स्त्रियांच्या कामाचे तास आठवर आणणारा कायदा झाला. मुख्य कारखाना निरीक्षक म्हणून त्यांनी फ्लॉरेन्स केली यांना नेमलं. तासांचं कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५मध्ये रद्द केलं. १८९४च्या पुलमन या रेल्वे डबे बनवणाऱ्या कंपनीतून सुरू झालेल्या संपात राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांनी शिकागोत केंद्राचं सैन्य उतरवलं, तेव्हा स्वतःच्याच पक्षाच्या या अध्यक्षांना आल्टगेल्ड यांनी उघड विरोध केला.

१८९६ची निवडणूक ते हरले. संपत्तीही बरीचशी गेली. १९०२च्या मार्चमध्ये जोलिएट गावात दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण केल्यावर ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी वारले. अंत्यविधीच्या वेळी डॅरो आणि समाजसेविका जेन ॲडम्स बोलल्या.