नर्सिंग कॉलेजात शिकवायला माणसं का टिकत नाहीत, त्याची पार्श्वभूमी

सांगली, मिरज, कराड या पट्ट्यात नर्सिंग कॉलेजं भरपूर झालीत, पण शिकवणाऱ्या मॅडम एका जागी टिकत नाहीत, आणि त्याचं खापर फोडलं जातं त्यांच्यावरच, की आजकालच्या पोरींना टिकायचंच नसतं. मला हे अजिबात पटत नाही. हा गुंता फार जुना आहे.

मिरजेत ख्रिस्ती मिशनच्या वानलेस डॉक्टरांनी १८९४ ला हॉस्पिटल उघडलं आणि पुढं नर्सिंगचं शिक्षणही तिथंच रुजलं. त्या काळी देशभर मिशन हॉस्पिटलांत शाळा म्हणजे हॉस्पिटलचाच एक भाग असायची, शिकणारी मुलगी वॉर्डात ड्युटी करायची, राहणं-खाणं तिथंच, आणि शिकवायचं कोण तर बहुतेक वेळा वॉर्डची सिस्टरच, तेही पेशंट बघता बघता. शिकवणं ही स्वतंत्र नोकरी, तिला वेगळा पगार, वेगळं प्रमोशन, हा विचारच नव्हता. मिशनच्या बायका सेवा म्हणून अख्खं आयुष्य घालवायच्या तोवर ते निभावलं.

१९४६ ला देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या सरकारी भोर समितीनं सांगितलं की सगळ्या देशात नर्स जेमतेम ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोरला डिग्री सुरू झाली, १९४७ ला नर्सिंग शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा आला, पण एमएससी नर्सिंग दिल्लीत सुरू व्हायला १९५९ उजाडलं. आपल्याकडं मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज निघालं ते १९६४ ला. म्हणजे शिक्षिका तयार करणारी यंत्रणाच उशिरा आली, तीही मोठ्या शहरात.

मग खासगी कॉलेजांची लाट आली. कौन्सिलच्या नियमाप्रमाणं दहा विद्यार्थ्यांमागं एक शिक्षक लागतो. साठ सीटचं बीएससी धरलं तर चार वर्षांचे २४० विद्यार्थी, म्हणजे २४ शिक्षक, त्यातले काही एमएससी झालेले आणि प्राचार्याला तर कितीतरी वर्षांचा अनुभव. बिल्डिंग दोन वर्षांत उभी राहते हो, पण बीएससीची चार, मग वॉर्डातला किमान एक वर्षाचा अनुभव, मग एमएससीची दोन, असं करत शिक्षक तयार व्हायला सात वर्षं जातात. तेवढा धीर कुणाकडं होता? मग काही ठिकाणी इन्स्पेक्शनपुरती नावं दाखवायची पद्धत पडली, आणि जी खरोखर रोज येते तिच्यावर तीन जणींचं काम पडलं, सकाळी पोरींना घेऊन क्लिनिकल पोस्टिंगला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकवायला, दुपारी लेक्चर, संध्याकाळी लॉगबुक आणि फाईली, आणि काही कॉलेजांत तर उन्हाळ्यात गावोगाव फिरून ॲडमिशनसुद्धा तिनंच आणायच्या.

पगाराचं तर बोलायलाच नको. सातव्या वेतन आयोगात केंद्राच्या हॉस्पिटलातल्या नर्सचं सुरुवातीचं मूळ वेतनच ४४,९०० आहे. बऱ्याच खासगी कॉलेजांत एमएससी झालेल्या ट्युटरला त्याच्या जवळपासही मिळत नाही, म्हणजे जास्त शिकून कमी कमवायचं. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीनं २०१६ ला किमान २०,००० पगाराची शिफारस केली, पण तीही खासगी हॉस्पिटलातल्या नर्सपुरती, शिकवणाऱ्या तशाच राहिल्या. मग एम्सची परीक्षा निघाली की मॅडम फॉर्म भरणार, गल्फची संधी आली की जाणार, आणि २०२४ पासून जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र सरकारचा कुशल माणसं पाठवायचा करार झाल्यानं तोही रस्ता दिसायला लागलाय. त्यांना नावं ठेवायची माझी तरी हिंमत नाही, घरभाडं आणि पोरांची फी त्यांनाही आहेच की.

आणि मागणी वाढतच चाललीय. २०२३ ला केंद्रानं १,५७० कोटींची १५७ नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली, त्यातून वर्षाला सुमारे १५,७०० नर्स बाहेर पडतील असा सरकारचा हिशोब आहे. चार वर्षांच्या बॅचेस धरल्या तर दहाला एक या नियमानं तिथं सहा हजारांच्या वर शिक्षक लागणार, आणि त्यातले बरेच जातील ते आज आपल्या इथल्या खासगी कॉलेजांत कमी पगारावर राबणाऱ्यांमधूनच.