भरतीच्या जिल्ह्यातून कमिशनकडे : कॉलेजमधल्या लष्करी शिक्षणाची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात फौजेत जाण्याचं कुणाला नवल वाटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीच्या नावाआधी 'सैनिक' लागलंय ते उगीच नाही. भरतीची तारीख जवळ आली की पहाटे रस्त्यारस्त्यांवर पळणारी पोरं दिसतात. पण यातली बहुतेक जवान म्हणून जातात. कॉलेज शिकता शिकता एनसीसीतून अधिकारी होण्याची वाटही याच गावातून निघते. तिच्याकडे मात्र फार थोडे वळतात, आणि ती मुळात कशासाठी काढली गेली हे ठाऊक नसणं हे त्याचं एक मोठं कारण आहे, असं मला वाटतं.

सुरुवात इंग्रजांच्या गरजेतून झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये विद्यापीठांत 'युनिव्हर्सिटी कोअर' उभी राहिली. १९२० मध्ये तिची जागा 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर'नं घेतली. विद्यार्थ्यांना गणवेश मिळाला, कवायत मिळाली, पण अधिकारीपद दूरच राहिलं. कोल्हापूरजवळच्या वडगावचे एस. पी. पी. थोरात पुढे लेफ्टनंट जनरल झाले. त्यांना १९२६ साली कमिशन, म्हणजे अधिकारीपद, मिळालं ते इंग्लंडातल्या सँडहर्स्टमधून. डेहराडूनची अकादमी निघाली १९३२ मध्ये. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांचा तुटवडा पडला, तेव्हा १९४२ मध्ये ट्रेनिंग कोअरच्या नावात 'ऑफिसर्स' हा शब्द घातला गेला. तरीही त्या योजनेतून अपेक्षेइतके अधिकारी मिळाले नाहीत.

म्हणून १९४६ मध्ये पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींवरून १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे आपली एनसीसी, जन्माला आली. छात्र झाल्यामुळे कुणावरही प्रत्यक्ष लष्करी सेवेची सक्ती येणार नाही, असं त्या कायद्यातच नमूद आहे. आजही काळजीनं विचारणाऱ्या आईवडिलांना हे सांगावं लागतं. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. त्याच १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं.

खरी कलाटणी १९६२ ची. चीनबरोबरच्या युद्धात १८ नोव्हेंबरला लडाखमध्ये रेझांग लाची लढाई झाली. शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झालं तेही त्याच दिवशी. तीन दिवसांनी यशवंतराव चव्हाण देशाचे संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा सगळीकडे म्हटलं गेलं. यशवंतराव मूळचे देवराष्ट्र्याचे, आणि बी.ए. झाले ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून. त्यांच्याच कारकिर्दीत, १९६३ मध्ये, कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. म्हणजे नव्या विद्यापीठाच्या अगदी पहिल्या तुकड्यांनी पदवीबरोबर कवायतीचेही धडे गिरवले.

१९६८ मध्ये सक्ती उठली. ते बरंच झालं, कारण मारूनमुटकून उभं केलेल्या रांगेतून नेतृत्व घडत नाही. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत छात्रांनी दुसरी फळी म्हणून मदतकार्य केलं होतं. त्यानंतर अभ्यासक्रमाचा रोखच बदलला आणि अधिकाऱ्याला लागणाऱ्या गुणांवर भर आला.

ते गुण परेडवर कसे अंगी लागतात, हे फॉलिनच्या, म्हणजे रांगेत उभं राहण्याच्या, वेळी दिसतं. छात्रांचा प्रमुख असलेला सीनियर अंडर ऑफिसर हासुद्धा विद्यार्थीच असतो, बहुधा शेवटच्या वर्षाचा. बेल्टचं पितळ चमकतंय का, टोपीवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, सरळ आहे का, हे तो वर्गातल्या मित्राच्या समोर उभं राहून बघतो आणि चूक असेल तर सगळ्यांदेखत सांगतो. दोस्ती सांभाळून हुकूम द्यायला इथं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी शिकावं लागतं. फायरिंगला पॉइंट टू-टू रायफलच्या गोळ्या टार्गेटवर किती जवळजवळ बसल्या, हे पाहिलं जातं. त्याला ग्रुपिंग म्हणतात. पहिल्यांदा ते विस्कटतंच, आणि श्वास रोखून ट्रिगर हळू दाबायला पीआय स्टाफचे, म्हणजे लष्कराकडून शिकवायला आलेले, हवालदार न कंटाळता शिकवतात.

आज एनसीसीच्या शेवटच्या परीक्षेच्या, 'सी' सर्टिफिकेटचा उपयोग बहुतेक मुलं भरतीच्या जादा गुणांपुरता करतात. घरची निकड असते, त्यांना दोष कसा द्यायचा? पण त्याच कागदावर अधिकारी होण्यासाठीची एनसीसी स्पेशल एंट्री आहे. 'सी' परीक्षेत किमान 'बी' श्रेणी आणि पदवीला ५० टक्के गुण असतील तर सीडीएसची, म्हणजे अधिकारी निवडीची नेहमीची, लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्यांना थेट एसएसबीच्या, म्हणजे लष्कराच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला बोलावलं जातं. तिथून निवड, मेडिकल आणि गुणवत्ता यादी पार केली की चेन्नईची ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी. ही वाट मुलींनाही खुली आहे.

एसएसबीत गटचर्चा असते, मानसशास्त्रीय चाचण्या असतात, मैदानावरची टास्क असतात. परेडला नियमित येणाऱ्याला त्यातलं मैदान परकं वाटत नाही. बोलण्याचा सराव मात्र वेगळा करावा लागतो. आणि 'सी' परीक्षा साधारण तिसऱ्या वर्षी येत असल्यानं नाव पहिल्या वर्षालाच नोंदवावं लागतं. शेवटच्या वर्षी जाग आली तर स्पेशल एंट्री हातची गेलेली असते आणि सीडीएसच्या लेखी परीक्षेला बसावं लागतं.