रिकाम्या पुंगळीत पुन्हा दारू भरता येते का?

भुसावळहून मुक्ताईनगरच्या दिशेने निघालं की महामार्गावर वरणगाव लागतं. तिथली आयुध निर्माणी १९६४ सालची. लष्कराच्या रायफलींची काडतुसं तिथे तयार होतात. आजूबाजूच्या गावांत एखाद्याबद्दल 'तो ऑर्डनन्समध्ये आहे' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. भुसावळची निर्माणी त्याहून जुनी, १९४९ ची. सातपुड्याच्या पायथ्याला, यावल-रावेरच्या पट्ट्यात, रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारे शेतकरीही आहेत. काडतूस ही वस्तू खानदेशात कुणाला नवी नाही. पण ते उडाल्यावर मागे जी पुंगळी राहते, तिच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही, आणि खरं विज्ञान तर त्या पुंगळीतच आहे.

अमेरिकेत रिकाम्या पुंगळ्या गोळा करून त्या घरी पुन्हा भरणं हा लाखो नेमबाजांचा छंद आहे. तिथे नेहमी चर्चा चालते की कुठल्या बोअरचं, म्हणजे नळीच्या मापाचं, काडतूस भरायला सोपं आणि कुठलं अवघड. आपल्याकडे हा उद्योग घरी करता येत नाही, त्याबद्दल पुढे लिहितोच. पण प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर दारूत नाही आणि गोळीतही नाही. ते पितळेत आहे. पुंगळीचा आकार कसा आहे आणि एकदा ताणलेलं पितळ किती वेळा मूळ मापावर आणता येतं, यावर बहुतेक सगळं ठरतं.

काडतुसाचे भाग चार. पुढे गोळी, आत दारू, बुडाला ठिणगी देणारी छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आणि या तिघांना धरून ठेवणारी पुंगळी. पुंगळीचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असं असतं. चाप ओढल्यावर दारू पेटते, आतला दाब एकदम चढतो आणि पुंगळी फुगून नळीच्या मागच्या खोबणीला, म्हणजे चेंबरला, घट्ट चिकटते. त्यामुळे तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे, येत नाही. दाब उतरला की तीच पुंगळी किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. फुगायचं, पण फाटायचं नाही. आणि मग थोडं मागे यायचं. हे पितळेला जितकं नेमकं जमतं तितकं पोलादाला जमत नाही. पोलाद स्वस्त असलं तरी कमी आकसतं आणि पुन्हा मापावर आणायला फार हट्टी असतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पुंगळ्याही निघतात, पण त्या वारंवार वाकवल्या की तडकतात.

आता पुन्हा भरणं म्हणजे काय, तर जुनी टोपी काढायची, फुगलेली पुंगळी कठीण साच्यातून दाबून मापावर आणायची, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची आणि वर गोळी बसवायची. ऐकायला सगळ्या काडतुसांना हेच पाच टप्पे. प्रत्यक्षात काही काडतुसं पहिल्याच पायरीवर अडतात.

सगळ्यात आधी .२२ बोअर. शाळा-कॉलेजच्या एनसीसीत बहुतेकांनी हीच गोळी झाडलेली असते. हे काडतूस १८८७ पासून जवळपास तसंच आहे आणि जगात सर्वाधिक खपणाऱ्या काडतुसांत त्याची गणना होते. त्याला वेगळी टोपी नसतेच. ठिणगीचं रसायन बुडाच्या पातळ कडेत, आतल्या बाजूने भरलेलं असतं. पिन त्या कडेवर आपटते, कड चेपते, रसायन पेटतं. झाडलेली पुंगळी हातात घेऊन बुडाकडे पाहिलं तर कडेवर पिनचा छोटा आयताकृती खळगा स्पष्ट दिसतो. तो खळगा आतून सरळ करून त्या बारीक कडेत पुन्हा समप्रमाणात रसायन भरणं घरच्या हत्याराने व्यवहार्य नाही. शिवाय काडतूस स्वस्त. त्यामुळे अवघड-सोप्याच्या यादीत ते येतच नाही.

सोप्याच्या बाजूला सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं ते .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाचं. स्मिथ अँड वेसनने ते १८९८ च्या सुमारास आणलं. त्याची पुंगळी सरळ नळकांड्यासारखी, ना मान ना खांदा. दाबही माफक, मानकाप्रमाणे कमाल दर चौरस इंचाला सुमारे १७,००० पौंड. माफक म्हटलं तरी हा वातावरणाच्या दाबाच्या अकराशे पटींहून जास्त आहे, पण काडतुसांच्या जगात हा सौम्यच. सरळ पुंगळीचा मोठा फायदा असा की टंगस्टन कार्बाइडची गुळगुळीत कडी असलेल्या साच्यातून ती तेल न लावताही निघते. पितळ कमी ताणलं जातं, म्हणून एकच पुंगळी कितीतरी वेळा वापरता येते.

पण या सोपेपणातच एक धोका दडलेला आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. या काडतुसाचा जन्म काळ्या दारूच्या जमान्यातला. काळी दारू जागा खायची, म्हणून पुंगळी ऐसपैस ठेवली गेली. आजची धूरविरहित दारू त्याच कामाला फार थोडी लागते आणि पुंगळीच्या तळाशी पडून राहते. चुकून दुप्पट दारू पडली तरी पुंगळी भरून वाहत नाही, वरून बघणाऱ्याला काही वावगं दिसत नाही. रिव्हॉल्व्हरची चाकी फुटण्याच्या कित्येक अपघातांमागे हेच कारण असतं. हाताला सोपं असलेलं काम डोळ्यांना फसवतं ते असं.

.४५ बोअरचं पिस्तुलाचं काडतूसही याच सोप्या गटातलं. सरळ पुंगळी, कमाल दाब सुमारे २१,००० पौंड, आणि आकार बोटांना नीट धरता येईल असा. अडचण एवढीच की त्याच्या पुंगळ्या आता दोन मापांच्या टोप्यांसाठी निघतात, मोठ्या आणि छोट्या, आणि ढिगातून त्या वेगळ्या काढाव्या लागतात. नेमबाजी स्पर्धांत २५ मीटरवर वापरलं जाणारं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हेही सरळ पुंगळीचं. त्याची सपाट तोंडाची गोळी कागदाच्या लक्ष्यात अगदी स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाही.

९ मिलिमीटर मात्र दिसतं तितकं साधं नाही. त्याची पुंगळी तोंडाकडे किंचित निमुळती होते, आतली जागा लहान आणि कमाल दाब ३५,००० पौंड. इतक्या छोट्या जागेत गोळी मिलिमीटरच्या काही दशांशाने जास्त खोल बसली तरी दाब झपाट्याने चढतो. शिवाय चेंबरमध्ये हे काडतूस पुंगळीच्या तोंडाच्या कडेवर टेकतं, त्यामुळे तोंड जास्त आत दुमडलं तर टेकायला जागाच उरत नाही. सगळ्यांकडे असलेलं काडतूस म्हणून लोक याच्यापासून सुरुवात करतात, पण चूक पोटात घालण्याची ताकद त्याच्यात .३८ पेक्षा कमी आहे.

खरी कसोटी लागते ती रायफलच्या काडतुसांना. ही पुंगळी बाटलीच्या घाटाची असते. रुंद धड, मग उतरता खांदा आणि वर अरुंद मान. .३०८ विंचेस्टरचा कमाल दाब ६२,००० पौंड, म्हणजे वातावरणाच्या चार हजार पटींहून जास्त. या दाबाखाली पितळ पुढच्या बाजूला अक्षरशः वाहतं. झाडल्यावर पुंगळी लांब होते, खांदा पुढे सरकतो. ती भरायची तर खांदा नेमका मागे आणावा लागतो, वाढलेली लांबी कापावी लागते, आणि साच्यात घालण्याआधी वंगण लावावंच लागतं, नाहीतर पुंगळी साच्यात अशी रुतते की ओढताना बुडाची कडच तुटून येते. खांदा थोडा कमी मागे गेला तर काडतूस चेंबरमध्ये बसत नाही. जास्त मागे गेला तर ते आत सैल राहतं आणि प्रत्येक बाराला जास्त ताणलं जातं.

तांबट भांडं ठोकतो तेव्हा मधूनच ते भट्टीत का घालतो, हे पाहिलेल्या माणसाला पुढचा मुद्दा लगेच कळेल. ठोकून ठोकून धातू कडक होतो, आणखी ठोकला तर चिरतो. तापवला की पुन्हा मऊ पडतो. ठोकण्याने स्फटिकांची आतली मांडणी विस्कटते आणि गुंतते, तापवल्यावर नवे, ताणरहित स्फटिक तयार होतात. पुंगळीच्या मानेचंही हेच होतं. दरवेळी फुगणं आणि दाबलं जाणं यातून मान कडक होते आणि काही फेऱ्यांनी उभी चीर जाते. म्हणून जाणकार मान तेवढी तापवून मऊ करतात. बुडाला मात्र उष्णता लागू द्यायची नाही, कारण सगळा दाब झेलायला तिथलं पितळ कडकच लागतं. मऊ पडलेलं बूड म्हणजे फुटणारी पुंगळी. कारखान्यातही शेवटी मान तापवतात. लष्करी काडतूस जवळून पाहिलं तर मानेवर आणि खांद्यावर निळसर-तपकिरी झाक दिसते. तो डाग नव्हे, त्या तापवण्याची खूण आहे. नागरी काडतुसांवर ती पॉलिश करून घालवलेली असते.

या गटात .३०३ ची गोष्ट वेगळी. ली-एन्फिल्ड रायफलचं हे काडतूस, आपल्या पोलिसांच्या हातात कित्येक दशकं होतं. रणांगणावर चिखल-माती गेली तरी काडतूस अडकू नये म्हणून या रायफलींचे चेंबर मुद्दाम ऐसपैस ठेवलेले असत. काडतूस बुडाच्या कडेवर टेकत असल्याने खांद्याकडे मोकळी जागा राहिली तरी बार उडायचा. पण त्या मोकळ्या जागेत पुंगळी पहिल्याच बाराला भरपूर ताणली जाते, आणि ताण पडतो तो बुडाच्या थोडा वर, जिथे जाड पितळ पातळ होत जातं. तिथे आतून एक बारीक खाच पडते. बाहेरून कधी फिकट चमकदार कडं दिसतं, कधी तेही नाही. वाकवलेली तार आत घालून भिंत चाचपली तर टोक त्या खाचेत अडकतं. ही पुंगळी पुन्हा भरली तर बुड मागे आणि धड चेंबरमध्येच, असे दोन तुकडे व्हायची शक्यता असते. नागरिकांना .३०३ बाळगायला बंदी असल्याने आपल्याकडे आलेली .३१५ रायफल ऑस्ट्रियाच्या जुन्या मॅनलिकर काडतुसावर बेतलेली आहे. तिच्या काडतुसाची पुंगळीही बाटलीच्या घाटाची आणि बुडाला कड असलेली.

टोपीचाही एक अडथळा आहे, आणि त्यामागे इतिहासाची गंमत आहे. १८६६ च्या आसपास अमेरिकेत हायरम बर्डन आणि इंग्लंडमध्ये एडवर्ड बॉक्सर यांनी टोपीच्या दोन पद्धती काढल्या. बॉक्सरच्या पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे वरून सुई घातली की जुनी टोपी खाली पडते. बर्डनच्या पद्धतीत मधे पितळेचाच उंचवटा असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन बारीक भोकं. सुई मधल्या उंचवट्यावर आपटून मोडते. पुढे झालं असं की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोप-आशियातल्या लष्करांत. त्यामुळे एके-४७ चं ७.६२ × ३९ हे काडतूस, ज्याची पुंगळी बरेचदा पोलादी आणि टोपी बर्डनची, भरणाऱ्यांच्या दृष्टीने जवळपास टाकाऊच.

आपल्या भागातल्या शेतकऱ्याकडे असते ती ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर. ठासणीत दारू थेट नळीच्या तोंडातून ठासतात, पुंगळीच नाही, त्यामुळे प्रश्नच नाही. बारा बोअर म्हणजे ज्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतात ती नळी, साधारण १८.५ मिलिमीटर व्यासाची. तिचं काडतूस प्लास्टिकचं, बुडाला धातूची वाटी, आत दारू, मग बूच आणि वर छर्रे. तोंड सहा किंवा आठ पाकळ्यांनी मिटलेलं असतं. बार झाला की पाकळ्या उघडतात, पण घड्या प्लास्टिकवर कायम राहतात, त्यामुळे ते पुन्हा मिटणं सोपं. दाब ११,५०० पौंडांच्या आसपास, म्हणजे सगळ्यांत कमी. परदेशात म्हणूनच याला नवशिक्याचं काडतूस म्हणतात. पण पुंगळी, बूच आणि दारू यांचं जे जुळणारं त्रिकूट ठरलेलं असतं, त्यातला एक घटक बदलला तरी दाब बदलतो.

भारतात हे सगळं समजून घेण्यापुरतंच. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा दारूगोळ्यातच धरली आहेत. मला ही कडक व्याख्या योग्य वाटते.

पण परवान्याची काडतुसं घरात ठेवणाऱ्यांच्या कामाची एक गोष्ट या पितळेत आहे, आणि ती आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप चिरायच्या. कुणी झाडलेल्या नाहीत, आपटलेल्या नाहीत, तरी चीर. ठराविक ऋतूतच घडतं म्हणून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. उलगडा १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी केला. पावसात मोहिमा थांबत आणि काडतुसं तबेल्यांत ठेवली जात. घोड्यांच्या मुतापासून अमोनिया निघायचा आणि दमट हवेत तो पितळेवर बसायचा. पुंगळी ओढून घडवताना तिच्यात ताण राहिलेला असतो. असं ताणलेलं पितळ आणि अमोनिया एकत्र आले की तांबं स्फटिकांच्या सीमांवरून विरघळत जातं आणि चीर आत शिरते. उपाय निघाला तो साधा. घडवून झाल्यावर पितळ हलकंसं तापवायचं, कडकपणा जाणार नाही पण आतला ताण सुटेल एवढंच.

अमोनिया मात्र आजही आहे. गुरांच्या गोठ्यात तो असतोच, आणि पितळ चकाकवणाऱ्या काही द्रवांतही असतो. गोठ्याला लागून असलेल्या खोलीत, आषाढ-श्रावणात, खुंटीला काडतुसांचा पट्टा टांगलेला असेल तर तो तिथून हलवावा. पट्टा चामड्याचा असला तर कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने पितळेवर हिरवा थर चढतो. तो निदान डोळ्यांना दिसतो. अमोनियाची चीर सुरुवातीला केसाएवढी असते, बहुधा मानेपाशी, जिथे गोळी दाबून बसवल्यामुळे पितळ सतत ताणलेलं असतं. उजेडात काडतूस फिरवून तिथेच बघावं. चीर दिसली तर ते काडतूस बंदुकीत घालू नये. ते परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावं.